छोट्या फाउंड्रीला हवा प्रदूषणाची नोटीस आली आहे. सल्लागार "दीड लाखात सगळं मिटवतो" म्हणतोय. त्याला पैसे द्यावेत, स्क्रबर (धूर पाण्यानं धुणारं यंत्र) बसवावा की विजेवरची इंडक्शन भट्टी घ्यावी?

पैसे देऊ नका. बाकीचं पुढे सांगते, पण आधी आमच्याकडे काय झालं ते ऐका. "मिटवतो" हा शब्द मी आमच्या ऑफिसात सहा वर्षं ऐकला आहे.

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. तासाला दीड टन लोखंड वितळवणारा कपोला, म्हणजे कोकवरची उभी भट्टी, आठवड्यातून तीन हीट, म्हणजे तीनदा भट्टी पेटते, पंपाच्या बॉड्यांची कास्टिंग. सासऱ्यांनी सुरू केली. भट्टी आणि मोल्डिंग थोरले दीर बघतात; हिशेब, बँक, जीएसटी आणि प्रदूषण मंडळाचे कागद माझ्याकडे. कागद माझ्याकडे म्हणजे खाली सही माझी.

दरवर्षी सल्लागार यायचा, चहा घ्यायचा, चेक घेऊन जायचा. पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल हातात. धूलिकण ११२ मिलिग्रॅम, मर्यादेच्या आत. मी पंच करून फाइलला लावायची. कधी काही विचारलं नाही, ही माझी चूक.

मग एका मे महिन्यात मागच्या कॉलनीतली एक बाई ताट घेऊन ऑफिसात आली आणि ते तिनं माझ्या टेबलावर ठेवलं. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया होत्या. पांढऱ्या वेटोळ्यांच्या खाचांत काळी कणी बसलेली. बोटानं पुसायला गेले तर पुसली जाईना, उलट पसरली. ती भांडली नाही. "ताई, तीन किलो गव्हाचा चीक होता," एवढंच म्हणाली आणि ताट तिथंच ठेवून गेली. पुढे कॉलनीनं मंडळाकडे तक्रार केली. करायलाच हवी होती.

मंडळाचे क्षेत्र अधिकारी आले ते नेमके हीटच्या दिवशी. मी फाइल पुढे केली. त्यांनी शेवटचा अहवाल वाचला, उठून बाहेर आवारात गेले आणि धुराड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "मॅडम, नमुना कुठून घेतला?"

धुराड्याला पोर्ट होल, म्हणजे नमुना घ्यायचं भोकच नव्हतं. वर चढायला शिडी नाही, उभं राहायला प्लॅटफॉर्म नाही. धुराचा नमुना घ्यायचा तर त्या भोकातून नळी आत घालावी लागते, धूर ज्या वेगानं वर जातो त्याच वेगानं ओढावा लागतो, आत थिंबल, म्हणजे गाळणीची छोटी नळी असते, त्यात धूळ जमते, तिचं वजन करतात. आमच्या फाइलला सहा वर्षांचे सहा अहवाल, आणि धुराड्याला चार इंचाचं एक भोक नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

प्रस्तावित निर्देशांची नोटीस आली, बँक गॅरंटी मागितली. हवा कायदा १९८१ चा आहे, त्याच्या ३१अ कलमाखाली मंडळ वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं. सल्लागाराचा लगेच फोन, "वहिनी, मिटवतो." आणि आमचे भाऊजी म्हणाले, "देऊन टाक. सांगली काय दिल्ली आहे का?"

भाऊजी, दिल्ली नाही, पण २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यातल्या शहरांच्या यादीत सांगली आहे. हवेत पीएम १०, म्हणजे बारीक धूलिकण, वर्षाच्या सरासरीनं घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावेत असं मानक आहे, ते जिथं पाळलं जात नाही अशी ही शहरं. चेकवर मी सही केली नाही. महिनाभर आमच्या घरात दोन पंगती बसत होत्या.

आता तुमच्या कामाचं. तासाला ३ टनांपेक्षा कमी वितळवणाऱ्या कपोलाला धूलिकणांची मर्यादा घनमीटरला ४५० मिलिग्रॅम आहे, ३ टन आणि त्यावर १५०. पण आधी मंडळानं तुम्हाला दिलेलं संमतीपत्र काढून वाचा. त्यात कमी आकडा घातला असेल तर तोच तुमचा आकडा. धुराडं चार्जिंगच्या, म्हणजे भट्टीत माल टाकायच्या दाराच्या वर, कपोलाच्या व्यासाच्या किमान सहा पट हवं. पोर्ट होल सरळ भागात पाडा, शेवटच्या वळणापासून धुराड्याच्या आठ व्यास वर आणि तोंडापासून दोन व्यास खाली, म्हणजे आकड्यावर कुणाला शंका घेता येत नाही.

स्क्रबरच्या आधी चार्ज, म्हणजे भट्टीत टाकायचा माल सुधारा. हे कुठलाच सल्लागार सांगत नाही, कारण यात त्याला काही मिळत नाही. कोकचा चुरा चाळून बाजूला काढा. रनर-रायझरला, म्हणजे कास्टिंगपासून तोडलेल्या जादा लोखंडाला, चिकटलेली वाळू झाडून मगच ते परत भट्टीत टाका. तेलकट आणि रंगाचा स्क्रॅप घेऊ नका. आम्ही आधी एवढंच केलं, तर पहिल्या पंधरवड्यात धुराचा रंग बदललेला आवारातून दिसत होता. पुढच्या वर्षी कपोला फोडून डिव्हायडेड ब्लास्ट केला, म्हणजे भट्टीत हवा सोडणाऱ्या ट्वियरची (भोकांची) एक ओळ होती तिच्या वर दुसरी. ही पद्धत टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेनं १९९८ साली हावड्याच्या फाउंड्रीत चालवून दाखवलेली आहे. आमच्याकडे शंभर किलो लोखंडामागे १५ किलो कोक जायचा, तो ११ वर आला. भाऊजी म्हणायचे स्क्रबरवर पैसा पाण्यात जातो. वाचलेल्या कोकची बिलं मी त्यांच्यासमोर ठेवली आहेत. अजून बोललेले नाहीत.

स्क्रबर घ्याल तर व्हेंच्युरी घ्या, म्हणजे अरुंद गळ्यातून धूर जोरात ओढून त्यावर पाणी मारणारा. धुराड्यावर नुसती पाण्याची टोपी बसवली तर जाडी कणी बसते, बारीक धूळ तशीच वर जाते. व्हेंच्युरीच्या पंख्याला वीज जास्त लागते हे खरं, आणि तिथंच सगळे घसरतात: अधिकारी आले की पंप चालू, गेले की बंद. पंपाला वेगळा मीटर लावा आणि हीटच्या दिवशी आकडा वहीत लिहा. कोकमधल्या गंधकानं पाणी आंबट होतं, त्यात चुना टाकावा लागतो, नाहीतर वर्षात पाइप खातं आणि गटारात सोडलं तर नवी नोटीस येते.

संमतीचा अर्ज ऑनलाइन आहे, एजंट लागत नाही. फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते, तेवढं सीएचं प्रमाणपत्र जोडा. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, काय करणार आणि कुठल्या तारखेला, आणि ती तारीख पाळा. आमची गॅरंटी सुटली ती तारखा पाळल्यामुळेच.

इंडक्शन भट्टीचं मी ठाम सांगणार नाही. कोकचा धूर जातो, पण वीजजोडणीचा लोड आणि डिमांड चार्जेस (त्या लोडवर बिलात येणारा आकार) बघून रोज हीट असेल तरच परवडेल. आठवड्याला दोन-तीन हीट असतील तर मी कपोलाच नीट करीन.

आणि हो, मी इंजिनिअर नाही, हा सगळा आमच्या एका भट्टीचा अनुभव आहे. तुमची भट्टी तेलावरची असेल तर कोकचं गणित सोडून द्या. सगळे सल्लागारही तसले नसतात. आमच्या स्क्रबरचं ड्रॉइंग ज्यांनी केलं ते मिरजेचे गृहस्थ चारदा स्वतः धुराड्यावर चढले. तीच खूण धरा. अहवाल घ्यायचा तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून, आणि त्यांची माणसं नमुना घेत असताना स्वतः खाली उभे राहा.

उद्या सकाळी पहिलं काम, आवारात जाऊन धुराड्याकडे बघा. भोक आहे का आणि तिथपर्यंत शिडी जाते का, ते खाली लिहा. मग स्क्रबरच्या मापाचं बोलू.