आईला हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची गोळी सुरू झाली आहे. छातीत जळजळतं, शिवाय जबड्याचं हाड खराब होतं असं वाचलं. गोळी बंद करावी का?

तुमच्या आईचं वय ६८, गेल्या वर्षी मनगट मोडलं, डेक्सामध्ये (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी केलेली तुलना, जितका उणे तितकं हाड ठिसूळ) उणे २.९ आला आणि डॉक्टरांनी अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा लिहून दिलं, असं तुम्ही सांगितलंय. मी डॉक्टर नाही. पण हीच गोळी मी स्वतः पाच वर्षं घेतली आहे, आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या औषधात काय होऊन बसलं ते जवळून पाहिलंय. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जळजळीचं बघा. पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करून हे सांगा. आणि आई गोळी नेमकी कशी घेतात ते त्यांना विचारू नका, स्वतः समोर उभं राहून बघा. विचारलं की सगळेच "सांगितल्याप्रमाणे घेते" म्हणतात. मीही तेच म्हणत होते, आणि दोन घोट पाण्याबरोबर गोळी घेऊन पुन्हा अंथरुणात शिरत होते. ही गोळी अन्ननलिकेत रेंगाळली की तिथलं अस्तर पोळतं. जळजळ बऱ्याचदा तिथूनच येते.

नंतर मी असं ठरवून टाकलं. रविवारी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, रात्रीच भरून ठेवलेला साध्या पाण्याचा मोठा पेला घ्यायचा. गोळी चघळायची नाही, चोखायची नाही, तोडायची नाही. पेला पूर्ण संपवायचा. मग किमान अर्धा तास बसून किंवा चालत-फिरत काढायचा, आणि काहीतरी खाल्ल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात चहा नाही, कॉफी नाही, दूध नाही, दुसरी कुठलीही गोळी नाही. याचं कारण कळलं तेव्हा मला ते पटलं: सगळं नीट केलं तरी या गोळीचा एक टक्काही भाग रक्तात उतरत नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्यातलाही साधारण ६० टक्के वाया जातो. कॅल्शियमची आणि ॲसिडिटीची गोळी तर ती अडवूनच धरते. म्हणून कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर ठेवा. बंद मात्र करू नका. शरीरात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं नसेल तर या औषधांचा उपयोग होत नाही, उलट रक्तातलं कॅल्शियम घसरू शकतं.

आईला थायरॉइडची गोळी असेल तर तीही उपाशीपोटीच लागते. त्या एका सकाळी कुठली आधी, कुठली नंतर, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

एवढं करूनही गिळताना दुखलं, घास अडकल्यासारखा वाटला किंवा जळजळ वाढली, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तिथे सहन करत बसू नका. ज्यांना अर्धा तास ताठ बसता येत नाही किंवा ज्यांची अन्ननलिका अरुंद आहे, त्यांच्यासाठी ही गोळी नाहीच. मूत्रपिंडाचा रिपोर्टही बघायला सांगा. ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणारा आकडा) ३५ च्या खाली असेल तर ही सहसा देत नाहीत. गोळी सोसत नसली म्हणजे उपचार संपले असं नाही. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड असतं. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होते बऱ्याच जणांना, पण पोटाचा प्रश्न येत नाही. तेही मूत्रपिंड बघूनच देतात.

आता जबडा. हे घडतं, खोटं नाही. पण बहुतेक रुग्ण कर्करोगासाठी याच औषधांचे कितीतरी मोठे डोस घेणारे असतात. ठिसूळपणासाठीच्या डोसला हा धोका वर्षाला साधारण दहा हजारांत एक ते लाखात एक एवढाच धरतात. आणि ज्यांचा मणका आधी मोडलेला होता अशा बायकांमध्ये अलेंड्रोनेटने खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, हे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. दातांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा, एखादा दात काढायचाच असेल तर ते काम लवकर उरकून घ्या. दात साफ करणं, सिमेंट भरणं यासाठी गोळी थांबवावी लागत नाही.

मला जबड्यापेक्षा मांडीची काळजी जास्त वाटते, कारण तिच्याकडे दुर्लक्ष होतं. बरीच वर्षं औषध घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड किरकोळ कारणाने मोडतं, आणि त्याआधी कित्येक आठवडे मांडीत किंवा जांघेत बोथट दुखत राहतं. "वयाचं दुखणं" म्हणून ते सोडू नका, एक्स-रे काढायला सांगा. याचसाठी पाच वर्षांनी फेरविचार करतात. माझी गोळी डॉक्टरांनी तेव्हा थांबवली. औषध हाडात साठून राहतं, म्हणून अशी सुट्टी चालते. पण तपासण्या सुरूच आहेत. ज्यांना धोका जास्त असतो त्यांची गोळी पुढेही चालू ठेवतात.

माझ्या बहिणीला हाडांच्या ठिसूळपणासाठीच दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब या दुसऱ्या औषधाचं ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन होतं. माझी सुट्टी बघून तिनेही परस्पर सुट्टी घेतली. शेवटच्या इंजेक्शनला दहा महिने झाले असतील, ती फक्त चादर झटकत होती आणि पाठीत कळ आली. दोन मणके दबले होते. हे औषध हाडात साठत नाही. असर उतरला की हाड झपाट्याने झिजू लागतं आणि मणके मोडतात. बंद करायचं तर लगेच दुसरं औषध सुरू करावं लागतं. इंजेक्शन देताना तिला हे कोणीही सांगितलं नव्हतं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पुढे कधी आईला हे सुचवलं, तर पहिल्याच दिवशी विचारा: पुढची तारीख कोणती, आणि हे थांबलं की मागाहून काय? टेरिपॅराटाइड या हाड वाढवणाऱ्या औषधाचं रोजचं इंजेक्शन सुचवलं तरी हाच प्रश्न. ते सहसा दोन वर्षं देतात आणि त्यानंतर हाड टिकवणारं औषध लागतंच.

गोळीचा दिवस चुकला तर आठवण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, पुढची नेहमीच्या वारी. एका दिवसात दोन कधीच नाही. आई झोपेची गोळी किंवा स्टेरॉइड घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. झोपेच्या गोळीने रात्री उठताना तोल जातो आणि स्टेरॉइडने हाडं पोखरतात.

तेव्हा परस्पर बंद करू नका. पुढच्या गोळीच्या आधी फोन करा, मूत्रपिंडाचा आणि कॅल्शियमचा रिपोर्ट हाताशी ठेवून. डॉक्टर काय म्हणाले ते इथे नक्की लिहा, मी वाट बघते.