एकाच टाकीची दोन टोकं

प्रिय ताई,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबत जोडलेलं निवेदन, दोन्ही वाचलं. निवेदनात अकरा मागण्या आहेत. पाणी, संडास, गटार, दिवाबत्ती, घंटागाडी, दवाखाना, अंगणवाडी, अगदी भटकी कुत्रीसुद्धा. खाली सह्यांची चार पानं. असा कागद राजीव गांधी भवनात, म्हणजे नाशिक महापालिकेच्या मुख्यालयात गेला की बारनिशीत (कागद नोंदवून घेतात त्या टेबलावर) त्यावर शिक्का बसतो आणि पहिली मागणी ज्या खात्याची, त्या खात्याकडे तो मार्क होतो. बाकीच्या दहा मागण्या तिथेच बसून राहतात, कारण पाणीपुरवठ्याचा उपअभियंता अंगणवाडीचं उत्तर देणार नाही आणि कागद पुढेही पाठवणार नाही. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, टेबलाची रीतच तशी आहे. तेव्हा एका कागदावर एक मागणी, आणि पहिली कोणती ते वस्तीतल्या बायकांना ठरवू दे. त्या बहुधा पाणी म्हणतील.

आता निवेदनातलं ते वाक्य पाहा: ‘आमच्या वस्तीत पाणी अत्यंत कमी दाबाने येते.’ अत्यंत म्हणजे किती? याला उत्तर ठरलेलं आहे, ‘पुरवठा सुरळीत आहे.’ दोन्ही बाजूंना विशेषणं असली की खुर्चीवाल्याचं विशेषण जिंकतं. म्हणून मोज. मोजणीला यंत्र लागत नाही. 20 लिटरची बादली, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि वही. पाणी कधी आलं, कधी गेलं आणि बादली भरायला किती वेळ लागला, एवढ्या तीनच नोंदी, सलग 14 दिवस, वस्तीतल्या किमान पाच नळांवर. पाणी आल्या आल्या मोजू नकोस. पहिली पाच मिनिटं पाइपातली हवा आणि गढूळ पाणी निघतं. दहा मिनिटांनी एकदा आणि जायच्या आधी एकदा मोज.

हे झालं तुझ्या वस्तीचं. पण समतेचा प्रश्न एका ठिकाणी मोजून दिसत नाही. ज्या टाकीवरून तुम्हाला पाणी येतं, त्याच टाकीवरची दुसरी एखादी वसाहत शोध. कुठली टाकी आणि कुठला व्हॉल्व्ह ते व्हॉल्व्हमनला विचार. त्याच्याइतकी शहराची माहिती कुणाला नसते, आणि त्याच्याशी आदराने कुणी बोलतही नाही, त्यामुळे नीट बोललीस तर सगळं सांगेल. तिकडच्या नळावरही तीच बादली लाव. घर ओळखीचं असेल तर बरं.

उदाहरणापुरते आकडे घेते. तुमच्याकडे बादली 4 मिनिटांत भरते, म्हणजे मिनिटाला 5 लिटर. पाणी 45 मिनिटं, म्हणजे 225 लिटर. एका नळावर तीन घरं, पंधरा माणसं. माणशी 15 लिटर. पलीकडे बादली 80 सेकंदांत भरते, मिनिटाला 15 लिटर, तेवढ्याच 45 मिनिटांत 675 लिटर, एका नळावर पाच माणसांचं एकच घर. माणशी 135. वेळ दोघांना सारखी आहे. ‘सर्वांना समान वेळ पाणी देतो’ हे उत्तर खोटं नाही, आणि तरीही फरक नऊपट आहे. हे दोन स्तंभ शेजारी शेजारी मांडून एका पानाचा तक्ता केलास की त्याला ‘सुरळीत’ म्हणणं अवघड जातं.

इथे एक सापळा आहे. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी 135 लिटर हा केंद्राचा निकष सगळ्यांना पाठ असतो. पण सार्वजनिक नळकोंडाळ्यासाठी तोच निकष 40 लिटरवर येतो. तुमच्या वस्तीत कोंडाळी असतील आणि मोजणीत माणशी 45 आले, तर समोरचा अभियंता हसत हसत सांगेल की तुम्हाला निकषापेक्षा पाच लिटर जास्तच मिळतंय. मग दाबाचं भांडण सोडून मागणी बदलावी लागते: घरोघरी स्वतंत्र नळजोडणी द्या. कुठला निकष कुणाला लागतो, ते मीटिंगला जाण्याआधी पाहून ठेव.

आणि एक कटू गोष्ट. अर्ज देण्याआधी आपल्याच गल्लीत फिरून ये. लाइनवर थेट मोटार लावणारी दोन-तीन घरं प्रत्येक वस्तीत असतात आणि शेवटच्या घरांचं पाणी तीच ओढतात. पाहणीला आलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत मोटार दिसली की तुझा तक्ता तिथेच संपला. आधी त्या घरांशी बोल. वाईटपणा येईल, तो घ्यावा लागतो.

वास येणाऱ्या पाण्याची तक्रार वेगळी, ती दाबाच्या अर्जात घालू नकोस. पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो आणि फुटक्या जागेतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. वस्त्यांमधली बारीक जोडणी बहुधा उघड्या गटारातूनच गेलेली असते. अशा वेळी आरोग्य खात्याकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ती तपासणी, करून घे. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असायला हवं. नमुना पाणी सुरू झाल्या झाल्या घ्यायला लाव आणि वस्तीतल्या शेवटच्या नळाचा घे. सोय म्हणून पहिल्या नळाचा घेतला जातो आणि तो चांगलाच निघतो.

संडासाचंही गणित असंच. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषात सामुदायिक शौचालयात 35 पुरुषांमागे एक आणि 25 स्त्रियांमागे एक सीट धरली आहे. घरात संडास नसलेली 120 घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे 600. निम्म्या स्त्रिया धरल्या तर 300 भागिले 25, बारा सीट. पुरुषांसाठी नऊ. एकूण एकवीस. आता तुमच्याकडच्या सीट मोज, पण दारं मोजू नकोस. कडी लागते का, दिवा आहे का, पाणी पोचतं का, टाकी तुंबलेली नाही ना, या चारही गोष्टी असतील तीच सीट चालू. कागदावर सोळा सीट असलेला ब्लॉक प्रत्यक्षात सात सीटचा निघतो, आणि बंद असलेल्यांत बायकांच्या बाजूच्या जास्त असतात का, तेही लिहून ठेव.

रांगेची नोंद पहाटे साडेपाच ते आठ. पाहणीला अधिकारी अकरा वाजता येतात आणि अकराला रांग नसते, त्यामुळे अहवालात ‘गर्दी आढळली नाही’ असं खरंखुरं लिहून जातात. दर पंधरा मिनिटांनी रांगेत किती जणी आहेत तो आकडा लिही. फोटो काढू नकोस. रांगेतल्या बाईचा फोटो कुठल्याही कारणासाठी काढायचा नसतो. बंद दाराचा, तुटलेल्या कडीचा, कोरड्या नळाचा काढ.

आकडे हातात आले की ‘ही अघोषित झोपडपट्टी आहे, आम्हाला काही करता येत नाही’ हे उत्तर येतं. 1971 च्या राज्याच्या झोपडपट्टी कायद्यातल्या कलम 4 प्रमाणे वस्ती घोषित झाली आहे का आणि जमीन कुणाची आहे, हे आधी काढून ठेव. जमीन महापालिकेची, सरकारी, रेल्वेची, पाटबंधारे खात्याची की खासगी, यावर पुढची वाट ठरते. पक्का संडास बांधायला जमीनमालकाची ना हरकत लागते, त्यात वर्षं जाऊ शकतात. पाण्याचं मात्र तसं नाही. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं की घर बेकायदा आहे एवढ्या कारणावरून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. निकाल मुंबई महापालिकेविरुद्धचा आहे, पण आधार म्हणून जोडता येतो. नासर्डी किंवा वाघाडीच्या काठच्या वस्त्यांना पूररेषेचा वेगळा अडथळा येतो. तिथे कायम बांधकाम मागून वेळ घालवू नका. फिरतं शौचालय आणि पावसाळ्यातल्या निवाऱ्याची शाळा आधीच नक्की करून मागा. गोदावरीचा पूर ज्यावरून मोजतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्यावर शाळेची किल्ली शोधायला वेळ नसतो.

‘निधी नाही’ हे दुसरं उत्तर. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम 63 मध्ये बंधनकारक कामं आहेत, कलम 66 मध्ये ऐच्छिक. पाणी, मलनिस्सारण, सफाई, दिवाबत्ती, सार्वजनिक संडास ही 63 मधली. कमानी आणि कारंज्यांसाठी पैसा निघत असेल तर हा फरक कागदावर आणायचा. अर्जात एक ओळ पुरे, भाषण नको.

अर्ज कुणाला द्यायचा? आयुक्तांना सोडून दे. महापालिकेचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर. मूळ अर्ज तुमच्या विभागीय कार्यालयातल्या संबंधित उपअभियंत्याच्या नावे दे, प्रत विभागीय अधिकाऱ्यांना आणि मुख्यालयातल्या खातेप्रमुखांना. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. ‘साहेबांकडे देऊन ठेवा’ म्हणतील. साहेबांकडे दिलेल्या कागदाला क्रमांक नसतो. गटाराच्या अर्जात मात्र आधी पाहा, तुंबलंय ते पावसाळी गटार की भुयारी. दोन्हींची टेबलं वेगळी आहेत आणि चुकीच्या टेबलावर महिना सहज जातो.

पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, त्यात जुना आवक क्रमांक. महिन्याने माहिती अधिकार. राज्याच्या नियमांप्रमाणे एक विषय, 150 शब्दांच्या आत, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘पाणी का येत नाही’ असं विचारू नकोस. ‘का’ ही माहिती होत नाही आणि अर्ज एका ओळीत निकाली निघतो. कागद माग: अमुक टाकीच्या व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याच्या वेळांची मागील तीन महिन्यांची नोंदवही, आमच्या अर्जावरची टिपणी, त्या कामाचं प्राकलन (खर्चाचा अंदाज), कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, नंतर 90 दिवसांत दुसरं, आणि त्यासाठी राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नाशिकातच आहे. पण अपिलापेक्षा एक स्वस्त वाट आहे. 2018 च्या शासन आदेशाप्रमाणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जाऊन फाइल पाहा. टिपणीच्या समासात पेन्सिलीने काय लिहिलंय ते तुला कुठल्याही उत्तरात मिळणार नाही.

लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात तो दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज 15 दिवस आधी, दोन प्रतींत. तिथे तक्रार वैयक्तिक लागते. मंडळाच्या लेटरहेडवर गेलात तर परत पाठवतील. ज्या बाईचा नळ कोरडा, तिने स्वतःच्या नावाने जावं आणि तिनेच बोलावं. तू शेजारी बस. नळजोडणीसारखी सेवा अधिसूचित असेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखालचं अपील जास्त धारदार पडतं, कारण तिथे ठरलेल्या मुदतीनंतर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे.

आता पैशाचं वेळापत्रक. बहुतेक निवेदनं एप्रिल-मेमध्ये, उन्हाळा पेटल्यावर जातात. तोवर अंदाजपत्रक मंजूर होऊन गेलेलं असतं. ते साधारण फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे येतं, मार्चअखेर महासभा. म्हणजे तुझा तक्ता नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अभियंत्याच्या टेबलावर हवा, प्राकलनासकट त्याची मागणी वर जायला. नुसतं ‘काम घेतलं’ ऐकून परतू नकोस. लेखाशीर्ष कोणतं, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यावर खर्च टाकलाय, आणि रक्कम किती, एवढं विचार. आधीच्या कामांचं दायित्व (द्यायचे राहिलेले पैसे) इतकं असतं की नवीन कामापुढे टोकन रक्कम टाकून ते पुढच्या वर्षात ढकललं जातं. दिव्यांग, महिला-बालकल्याण आणि मागासवर्गीय यांच्यासाठी ठरावीक टक्के निधी राखून ठेवावा लागतो. दिव्यांगांसाठी तो 5 टक्के आहे. सप्टेंबरमध्ये त्याचा खर्च माहिती अधिकारात काढ. अखर्चित दिसला तर रॅम्प आणि कमोड असलेल्या सीटची मागणी त्यातून बसते.

टपरीवाल्यांबद्दल तू शेवटी दोन ओळी लिहिल्या आहेस, पण सिंहस्थाच्या तोंडावर तो विषय आधी पेटेल. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यांतल्या एक तृतीयांश महिलांच्या. प्रत्येकाकडे जुन्या पावत्या असतील त्या आताच गोळा करा. गाडी उचलल्यावर पावती शोधणं म्हणजे संपलंच. सविस्तर पुढच्या पत्रात.

सह्यांबद्दल: एकाच पेनाने, एकाच हातच्या वाटणाऱ्या सह्या घेऊ नकोस. सत्तर खऱ्या सह्या, पुढे घर क्रमांक, एवढं खूप झालं. आधारच्या झेरॉक्स अर्जाला जोडू नकोस, त्या कुठे फिरतात कुणाला कळत नाही. वही एकीच्याच घरी ठेवू नका, दोन प्रती करा. नगरसेवकाला तक्ता आधी दाखव, फलकावर त्याचं नाव लागलं तर लागू दे. पेपरवाल्यांना मात्र स्मरणपत्रानंतरच. आधी बातमी आली की अभियंता खुलासा लिहायला बसतो, आणि एकदा खुलासा लिहिला की तो त्यालाच धरून बसतो.

तुझा तक्ता तयार झाला की मला पाठव. घाई नाही, 14 दिवस पूर्ण होऊ दे.

तुझी,
मावशी

ता. क. बादली वापरण्याआधी लिटरच्या मापाने भरून पाहा. वीसची म्हणून घेतलेली अठराची निघू शकते. वीस लिटरच्या रेघेवर नेलपॉलिशने खूण कर, आणि दोन्ही टोकांना तीच बादली ने.