आजीचे अभंग उतरवून घेताना

ताई, तुमच्या आजी अजून अभंग गातात आणि ते तुम्हाला उतरवून घ्यायचे आहेत, हे तुमच्या पत्रात वाचूनच बरं वाटलं. मग वेळ घालवू नका, याच आठवड्यात बसा. वही, पेन आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग एवढं पुरे. राग, नोटेशन सध्या बाजूला ठेवा.

सुरुवातीला बहुतेकजण एक चूक करतात, मीही केली: आजीचे शब्द छापील गाथेवरून दुरुस्त करायचे. सरकारने १९५० साली छापलेल्या तुकोबांच्या गाथेत ४,५०० हून अधिक अभंग आहेत, तो पाठ कधीही बघता येईल. आजींच्या तोंडचा पाठ मात्र फक्त त्यांच्याकडे आहे. माझी आई ‘इठ्ठल’ म्हणायची. मी वहीत ‘विठ्ठल’ लिहिलं. आज वही वाचताना नेमका तिथे तिचा आवाज ऐकू येत नाही.

बाकी थोडक्यात:
- एका बैठकीला दोन-तीनच अभंग.
- ‘म्हणा’ म्हणून समोर बसवू नका. वाती वळताना, भाजी निवडताना आपसूक ओठांवर येतं.
- शेवटचा चरण नीट ऐका. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा, म्हणजे रचणाऱ्या संताचं नाव, तिथे असते.
- खाली लिहा: कुणाकडून शिकल्या, कधी म्हणतात.

हे शेवटचं सर्वांत मोलाचं. आई एक अभंग फक्त रात्री, दिवा मालवायच्या आधी म्हणायची. विचारल्यावर कळलं, माझा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता, तेव्हा रात्रभर तिने तोच पांडुरंगाला ऐकवला होता.

आजींचा गळा मध्येच दाटून आला तर मोबाइल बंद करा आणि त्यांचा हात धरून बसा. अभंग उद्या घेता येईल.