अपाचे सर्व्हरवर पायथन स्क्रिप्ट चालण्याऐवजी तिचा कोडच का दिसतो?

उबुंटूवरील अपाचेमध्ये ठेवलेली आपली पायथनची फाइल ब्राउझरमध्ये जशीच्या तशी दिसते, कारण ती दाखवायची नसून चालवायची आहे, हे सर्व्हरला अद्याप सांगितलेले नाही.

प्रथम सीजीआय (सर्व्हरने स्क्रिप्ट चालवून तिचे उत्तर ब्राउझरला पाठवण्याची पद्धत) मॉड्यूल सुरू करून अपाचे रीस्टार्ट करावा आणि स्क्रिप्ट ‘सीजीआय-बिन’ फोल्डरमध्ये हलवावी. त्याची नोंद उबुंटूच्या सेटिंगमध्ये आधीच असल्यामुळे नवशिक्याने तेथूनच सुरुवात करणे सोयीचे ठरते. संपूर्ण वेबसाइटच्या फोल्डरला स्क्रिप्ट चालवण्याची मुभा मात्र कृपया देऊ नये, कारण मग बाहेरच्या कोणी अपलोड केलेली फाइलही तेथे चालू शकते.

यानंतर फाइलला ७५५ ही परवानगी द्यावी, म्हणजे ती मालकालाच बदलता येते, इतरांना मात्र केवळ वाचता व चालवता येते. ७७७ देण्याचा मोह टाळावा, कारण त्यामुळे त्या यंत्रावरील कोणालाही ती फाइल बदलता येते.

एवढे करूनही ५०० क्रमांकाची त्रुटी आली, तर दोष बहुधा स्क्रिप्टमध्येच असतो. तिच्या पहिल्याच ओळीत हॅश आणि उद्गारचिन्ह देऊन त्यापुढे पायथनचा पूर्ण मार्ग लिहिलेला असावा, आणि स्क्रिप्टने सर्वांत आधी ‘कंटेंट-टाइप’ची (मजकूर कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणारी) हेडरची ओळ व तिच्यामागोमाग एक रिकामी ओळ छापावी. ही रिकामी ओळ राहून गेल्याने भले भले तासन्‌तास अडकतात, कारण हेडर कोठे संपले आणि मजकूर कोठे सुरू झाला, हे अपाचेला केवळ तिच्यावरूनच कळते. विंडोजवर लिहिलेली फाइल असेल, तर ओळींच्या शेवटी राहिलेले अदृश्य चिन्हही काढून टाकावे.

नेमके कारण अपाचेच्या एरर लॉगमधील शेवटच्या काही ओळींत सापडते. अंदाजाने सेटिंग बदलण्यापूर्वी त्या अवश्य वाचाव्यात.