रक्तहिरे म्हणजे तांबडे हिरे काय?

निपाणीहून एकांनी विचारलंय : बंडखोर जे विकून लढाईला पैसा उभा करतात, त्या ‘कॉन्फ्लिक्ट डायमंड’ला मराठीत काय म्हणायचं? संघर्षग्रस्त हिरे, संघर्ष हिरे की रक्तहिरे?

पहिले दोन आधी निकालात काढतो. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला, गिळलेला. २०१९ साली कृष्णा-घटप्रभा फुगल्या तेव्हा आपल्याकडची माणसं पूरग्रस्त झाली. हिऱ्याला कसली झळ? तो कुणाच्या तरी मुठीत सुखात असतो. ग्रासली गेली ती अंगोला नि सिएरा लिओनची माणसं. ‘संघर्ष हिरे’ ही तर मराठीच नव्हे. दोन अनोळखी शब्द एका बाकावर बसवलेत, बस्स.

राहिला ‘रक्तहिरे’. हा ऐकून ऐकून कान किटलेत. रक्त म्हणजे आधी शिरांतून वाहणारं नव्हेच. संस्कृत रञ्ज् म्हणजे रंगणे. त्यातून रक्त म्हणजे रंगलेलं, मग तांबडं, आणि मग कुठं अंगातलं. रक्तचंदन तांबडं असतं, रक्ताळलेलं नव्हे. तेव्हा रक्तहिरा म्हणजे तांबडा हिरा! तो खरोखर असतो, आणि रंगीत हिऱ्यांतला फार दुर्मीळ. अनुरक्त तो रंगलेला, विरक्त तो रंग उतरलेला. आपल्या भागात लिंगायतांचे विरक्तमठ आहेत. त्या पाटीतल्या ‘रक्त’चा जखमेशी काय संबंध, सांगा बघू.

रक्तचा पहिला अर्थ ‘रुधिर’ छापणाऱ्या कोशकारांशी माझं जुनं भांडण आहे. ते रक्तदान, रक्तपात पुढं करतात. अहो, तिथं दुसरं पद क्रियेचं आहे! वस्तूच्या नावाआधी रक्त आलं की तो रंगच : रक्तचंदन, रक्तकमल. यावर कुणी रक्तपेढी काढली की मी गप्प बसतो, पण थोडाच वेळ.

गंमत पुढंच आहे. ज्या हिऱ्यापायी माणसं मेली, त्याला त्या रक्ताचा रंग लागत नाही. खडेबाजारातल्या एका सराफानं मला कागदाच्या पुडीतला खडा चिमट्यात धरून भिंगाखाली दाखवला होता. ‘हा कुठला हो?’ विचारलं तर म्हणाला, ‘पावतीवर असंल तेच खरं. खडा काय बोलतोय?’ खडा बोलत नाही म्हणून तर देशांना कागद करावा लागला. मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला बैठक झाली आणि १ जानेवारी २००३ पासून किंबर्लीच्याच नावाची योजना सुरू झाली. कच्चा हिरा देशाबाहेर न्यायचा तर सीलबंद पेटी हवी, सोबत सरकारी दाखला हवा, आणि सभासद देशानं व्यवहार करायचा तो सभासदांशीच. सुरतेत पैलू पडले की मात्र हा दाखला कुणी मागत नाही, योजना कच्च्यापुरतीच.

मी दाखला म्हणतोय, प्रमाणपत्र नव्हे, आणि मुद्दाम. मूळ अरबी दख्ल म्हणजे आत शिरणे. दाखला नाही तर माल दाखल नाही. अख्खी किंबर्ली योजना या एका मूळ शब्दात बसली की! ‘दाखला’ यावनी म्हणून हाकलणाऱ्या शुद्धिवाल्यांनी एकदा नाडकचेरीच्या रांगेत उभं राहून ‘जातीचं प्रमाणपत्र’ मागावं. पुढचा-मागचा दोघंही ‘दाखलाच न्हवं?’ म्हणतील. कन्नडातही तो ‘दाखले’ होऊन बसलाय. सीमेच्या दोन्ही बाजूंनी ज्यावर भांडण नाही, असा हा एक शब्द.

हां, प्रश्न राहिलाच. आपण चोरीचं सोनं म्हणतो, तसं ‘बंडाचे हिरे’ म्हणा. साधी षष्ठी. शिवाय अधिकृत व्याख्याही तीच आहे : कायदेशीर सरकार उलथवायला बंडखोर किंवा त्यांचे साथीदार ज्यावर पैसा उभा करतात, ते कच्चे हिरे. अडचण एकच. २००८ साली झिंबाब्वेत मारांगेच्या हिरेक्षेत्रात माणसं मारली ती सरकारच्याच लष्करानं. त्यात बंडखोर नव्हतेच, त्यामुळं ते हिरे व्याख्येत बसेनात. पुढं तिथल्या निर्यातीला मोकळीक मिळाली, आणि या योजनेसाठी आधीपासून झटलेली ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था २०११ मध्ये बाहेर पडली. त्या हिऱ्यांना ‘बंडाचे’ म्हणता येत नाही, आणि ‘रक्तहिरे’ मी म्हणणार नाही. निपाणीकरांनी काही सुचलं तर कळवावं.