जोडीदाराचा रकाना

प्रिय पोरी,

परवा रंकाळ्यावर मी तुझ्यावर खेकसलो, ते काही बरं झालं नाही. पण दूतावासाच्या अनुदानासाठी केलेल्या तुझ्या अर्जातलं अंदाजपत्रक चोख, उद्दिष्टं चोख आणि 'परदेशी भागीदार' हा रकाना कोरा. वर तू विचारलंस, "सर, इथं कुणाचं नाव टाकू?" त्या 'टाकू'नं माझं डोकं फिरलं.

दूतावासांची ही छोटी अनुदानं दोन देशांतल्या माणसांनी मिळून काही करावं म्हणून असतात. म्हणून आधी माणूस, मग अर्ज.

मी उलटं केलं होतं. परदेशातल्या एका हस्तकला गटाकडून ईमेलवर पाठिंब्याचं पत्र मागवलं, बोललो एकदाही नाही. पैसे आले, पाहुणेही आले. सुभाषनगरात एका चप्पल कारागिराच्या दारात चार तास फोटो काढले. तो पट्ट्यावर चामड्याची वेणी घालत होता. वादीचं एक टोक दातात, दुसरं बोटांत, मान खाली. त्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही, आणि मीही मध्ये पडून बोलणं घडवलं नाही. सहा महिन्यांनी महाद्वार रोडवर भेटला. म्हणाला, "ती माणसं परत कधी येणार?" माझा अहवाल तोवर मंजूर होऊन फायलीत गेला होता. त्याला काय सांगायचं, हे मला आजही सुचत नाही.

तुला फ्लॉरेन्स हवंय. विषय सोन्यासारखा आहे. आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपातून परतताना तिथं वारले, अवघ्या विशीत. आर्नो नदीच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, तिथंच त्यांचं स्मारक आहे. शेजारच्या पुलालाही 'भारतीयाचा पूल' असंच नाव पडलंय. पण त्या गावात तू ओळखतेस कुणाला? तिथल्या एखाद्या चामडं शिवणाऱ्याशी, एखाद्या शाळेतल्या बाईंशी बोललीस? जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत आपल्यासारखी चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता झळकली, तेव्हा सगळ्यात जास्त तूच चिडली होतीस. न विचारता घेतली म्हणून ना? मग तू त्यांचं नाव न विचारता कसं टाकतेस?

तुझा मित्र म्हणतो तसं 'नोंदणीवाली संस्था पैसे घेईल, मग आपल्याला देईल' हे डोक्यातून काढ. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि पैसा उतरणार तो स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्थाच अर्जदार हवी, आणि काम तिनंच करायचं. ते कागद मी बघतो. माणूस तू शोध.

या हट्टापायी मी दोन अनुदानं घालवली, असं लोक म्हणतात. घालवली. समोरचे फोनवर यायला तयार नव्हते, नुसतं सहीचं पत्र पाठवतो म्हणाले. त्या वर्षी आमच्या पोरांचे पगार थकले, ते मला अजून सलतं. तरी पुन्हा तेच करीन. सुभाषनगरचा तो प्रश्न दुसऱ्यांदा ऐकायची माझी तयारी नाही.

मुदतीला वीस दिवस आहेत. नाही जमलं तर पुढच्या वर्षी. रविवारी सकाळी ये, सुभाषनगरला जाऊ. तो कारागीर अजून त्याच दारात बसतो. इटलीतल्या चामडं शिवणाऱ्याला त्याला काय विचारायचंय, ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घे. पहिला ईमेल तोच जाईल. लॅपटॉप घरी ठेव.

तुझे सर