गावात घरच्या अंगणात कार उचलून तिच्याखाली काम करायचे असल्यास कोणती काळजी घ्यावी?

आपण विचारले आहे की, गॅरेज तालुक्याला असल्यामुळे इंजिन ऑइल घरच्या अंगणातच बदलायचे आहे, तर गाडीसोबत आलेला जॅक आणि चार विटा एवढ्यावर भागेल का. भागणार नाही. या दोन्हींच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो आणि गाडीची बरीचशी कामे घरीच करतो, म्हणून सुरुवात जमिनीपासून करतो. आपल्याकडची भारी काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरून टणक दिसणाऱ्या पापुद्र्याखाली ती कितपत मऊ आहे हे वजन पडल्याशिवाय कळत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर एकदा मी अंगणातच मागचे चाक काढायला बसलो होतो. जॅकचा पाया आधी एका कडेने बोटभर आत गेला, मग जॅक तिरपा झाला, आणि काढलेले नट वाटीत ठेवायला मी वळलो तेवढ्यात गाडी पुढे सरकून ब्रेकच्या ड्रमवर बसली. ड्रम मातीत रुतला. पुतण्या चाक घेऊन दोन पावले मागे गेला होता म्हणूनच त्याचा पाय वाचला. तेव्हापासून मी घरासमोरच्या सिमेंटच्या सपाट ओट्याशिवाय दुसरीकडे गाडी उचलत नाही.

आपल्याकडे तशी जागा नसल्यास चांगला दाबलेला, कोरडा आणि सपाट मुरूम चालेल, परंतु त्यावरही जॅकखाली आणि स्टँडखाली (उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या लोखंडी आधाराखाली) सागाची किंवा बाभळीची किमान फूटभर लांब-रुंद आणि दीड इंच जाड अखंड फळी ठेवावी. छोट्या कारचे रिकामे वजन साधारणपणे 700 ते 900 किलो असते. त्यातले दोन-अडीचशे किलो एका कोपऱ्यावर, म्हणजे जॅकच्या तळहाताएवढ्या पायावर येतात. तेच वजन फळीमुळे कित्येक पट जागेवर पसरते. काही जण शेतातल्या चराच्या दोन्ही काठांवर चाके ठेवून मधून खाली उतरतात. काळ्या मातीची कड ढासळते, त्यामुळे तो मार्ग मी कोणालाच सांगणार नाही.

यानंतरची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. बहुतेक छोट्या कारमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे पुढची बाजू उचलली की गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीलाही गिअर धरून ठेवत नाही आणि सगळी भिस्त हँडब्रेकवर राहते. दोन्ही मागची चाके उचलली तर हँडब्रेक निरुपयोगी होतो आणि फक्त गिअर उरतो. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागच्याच चाकांना असल्यामुळे मागची बाजू पूर्ण उचलल्यावर गाडीला धरणारे काहीच राहत नाही. म्हणून हँडब्रेक ओढून, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, शिवाय जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून आणि मागून अशी दोन्हीकडे उटी (चाक अडवणारी पाचर) लावावी. त्यासाठी गोल दगड घेऊ नये, तिरपा कापलेला लाकडी ठोकळा घ्यावा.

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचललेली गाडी धरून ठेवण्यासाठी नव्हे. गाडीसोबतचा कात्रीचा जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरताच दिलेला असतो, आणि हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळे वजन तेलावर आणि एका रबरी सीलवर तोललेले असते. सील गळला की गाडी खाली येते. म्हणून दोन स्टँड घ्यावेतच. शक्यतो भोकातून आरपार जाडजूड पिन घालायचे स्टँड घ्यावेत, कारण पिन बसली की नाही हे डोळ्यांनी दिसते. दात्यांवर अडकणाऱ्या स्टँडमध्ये खटका पूर्ण बसला नाही तर तो वजनाखाली सुटू शकतो. 2020 मध्ये अमेरिकेत याच दोषामुळे असे लाखो स्टँड परत मागवावे लागले होते.

जॅक कुठे लावायचा हे गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. दारांखालच्या पत्र्याच्या दुहेरी कडेवर पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ खाचा असतात, कात्रीचा जॅक तिथे बसतो. स्टँडही त्याच जागी लागतो, त्यामुळे चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या मधल्या आडव्या भक्कम भागाला लावून दोन्ही बाजूंना स्टँड ठेवणे सोयीचे पडते. ऑइलच्या चेंबरला किंवा तळाच्या पातळ पत्र्याला जॅक कधीही लावू नये.

विटांविषयी एवढेच सांगतो की, वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक वाकत नाही, तो एकदम फुटतो, आणि फुटण्याआधी कोणतीही सूचना देत नाही.

गाडी स्टँडवर हळूहळू टेकवल्यानंतर खाली शिरण्याआधी बाजूला उभे राहून तिला हाताने चांगले हलवून पाहावे. ती डुगडुगली तर पुन्हा उचलून स्टँड नीट बसवावेत. जॅकही त्याच जागी, अगदी थोडे वजन घेऊन, राहू द्यावा. स्टेपनी दाराखालच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवावी, म्हणजे काही झालेच तरी अंगावर येण्याआधी गाडी तिच्यावर अडेल. किल्ली काढून खिशात ठेवावी, लहान मुलांना ओसरीवरच थांबवावे आणि घरातले कोणीतरी मोठे माणूस हाकेच्या अंतरावर असावे.

चाक काढायचे असेल तर नट गाडी उचलण्याआधीच, चाक जमिनीवर असताना, थोडे सैल करावेत, नाहीतर पान्याला दिलेला झटका स्टँडवरच्या गाडीला बसतो. परत लावताना ते समोरासमोरच्या क्रमाने हाताने बसवावेत आणि शेवटचे घट्ट करणे गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच करावे. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत.